झेंडा लावला, उतरवणार कोण?

नाशिकरोडकरांनो, आधी माझीच चूक सांगतो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’च्या वेळी मीही गॅलरीच्या ग्रिलला तिरंगा बांधला. १३ ते १५ ऑगस्ट, तीन दिवसांचं आवाहन होतं. सोळाला उतरवू म्हटलं आणि राहून गेलं. दिवाळी झाली तरी झेंडा तिथंच. केशरी रंग उडाला, कडेचे धागे लोंबायला लागले. एक दिवस शेजारचा चौथीतला मुलगा म्हणाला, “काका, तुमचा झेंडा फाटलाय.” खरं सांगतो, मान खाली गेली. लगेच उतरवला, पण पुढं त्याचं करायचं काय, हे मलाच माहीत नव्हतं. मग वाचायला बसलो.

हा झेंडा हातात धरणं हाच एकेकाळी गुन्हा होता. १९२३ साली नागपुरात सिव्हिल लाइन्समधून राष्ट्रीय झेंडा न्यायला इंग्रज सरकारने मनाई केली. तेव्हाच्या झेंड्यावर चरखा होता. १ मेपासून सत्याग्रहींच्या तुकड्या झेंडा घेऊन निघायच्या, पकडल्या जायच्या, की पुढची तुकडी तयार. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. दीड हजारांवर माणसं गजाआड गेली. शेवटी १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक त्याच सिव्हिल लाइन्समधून गेली.

आणि आपल्याच विभागातलं नंदुरबार. ९ सप्टेंबर १९४२. ‘चले जाव’च्या दिवसांत शाळकरी पोरांची मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला. हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता गेला. वय अवघं पंधरा. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहाही गेले.

पुढं २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने अशोकचक्राचा तिरंगा स्वीकारला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला स्वतंत्र भारताचं पहिलं टपाल तिकीट निघालं, साडेतीन आण्यांचं. त्यावर चित्र तिरंग्याचं होतं आणि शब्द होते ‘जय हिंद’. ते छापलं कुठं? आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये! आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

पण गंमत बघा. देश स्वतंत्र झाला तरी सामान्य माणसाला आपल्या घरावर झेंडा लावायला ठरावीक राष्ट्रीय दिवसांचीच मुभा होती. नवीन जिंदल यांना रायगडच्या (आताच्या छत्तीसगडमधल्या) कारखान्यावर झेंडा फडकवताना अधिकाऱ्यांनी अडवलं, तेव्हा ते कोर्टात गेले. खटला चालू असतानाच नवी ध्वजसंहिता आली आणि २६ जानेवारी २००२ पासून वर्षभर झेंडा लावायची परवानगी मिळाली. २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सन्मानपूर्वक झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द त्यात महत्त्वाचा.

त्यानंतर नियम सैल होत गेले. आधी झेंडा हातमागाच्या खादीचाच लागायचा. डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिस्टर आणि मशीनवर बनवलेला झेंडाही चालेल असं ठरलं. जुलै २०२२ मध्ये सूर्यास्ताला उतरवायची अटही घरांपुरती गेली. झेंडा स्वस्त झाला, घरोघरी पोचला. चांगलंच झालं. पण रोज संध्याकाळी उतरवताना झेंड्याकडे आपोआप लक्ष जायचं, ते थांबलं. माझ्या ग्रिलवर तेच झालं.

नियम तसे साधे आहेत. केशरी पट्टा वर. फाटका, मळका झेंडा लावायचा नाही. झेंड्यावर काही लिहायचं नाही, तो जमिनीला टेकू द्यायचा नाही. गाडीच्या बॉनेटवर, टपावर पांघरायचा नाही. कागदी झेंडे हलवा, पण नंतर रस्त्यावर टाकू नका. खराब झालेला झेंडा एकांतात, शक्यतो जाळून, मानाने नष्ट करायचा. जाणूनबुजून अपमान केला तर १९७१ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण मला कायद्याची भीती घालायची नाही. प्रेसमध्ये ज्यांच्या घरच्यांनी नोकरी केली, त्यांना सांगायला नको. तिथं बिघडलेला कागदसुद्धा कोणी सहज कचऱ्यात टाकत नाही, त्याचा हिशोब लागतो. छापील कागदाची एवढी कदर करणारं आपलं गाव. मग १६ ऑगस्टला गटारीच्या कडेला तिरंगे पडलेले कसे चालतात?

मी माझा झेंडा घडी घालून कपाटात ठेवला. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा आणि मग चक्र वर राहील अशी घडी घालायची, हेही तेव्हाच शिकलो. नंतर एका सकाळी गच्चीवर कोणी नसताना त्याला निरोप दिला. पॉलिस्टर जळताना धूर फार होतो, म्हणून वाटतं, हे एकेकट्याने करायचं कामच नाही.

एक साधी सूचना. प्रत्येक सोसायटीने १६ ऑगस्टला गेटपाशी एक स्वच्छ पेटी ठेवावी. पडलेले, फाटलेले झेंडे त्यात जमा करावेत आणि चार जाणत्या माणसांनी पुढची जबाबदारी घ्यावी. आमच्या इमारतीत यंदा पेटी मी ठेवतोय. झेंडा गोळा करायला तो चौथीतला मुलगा तयार आहे. तो आता सातवीत गेलाय.

तुमच्या सोसायटीत कोण ठेवणार?