वर्गाध्यापनात संगणक आणि इंटरनेट

शाळेच्या नेहमीच्या तासिकांमध्ये भाषा, गणित, विज्ञान हे विषय शिकवण्यासाठी, त्यांचा सराव देण्यासाठी आणि मुलांना काय उमगले ते तपासण्यासाठी संगणक, टॅब्लेट, प्रोजेक्टर व इंटरनेटवरील साहित्य यांचा केलेला उपयोग. संगणक हा विषय म्हणून शिकवणे यात येत नाही. हा भेद आधीच सांगून ठेवायला हवा, कारण दोन्हींची गल्लत सर्रास होते : शाळेत संगणक कक्ष आहे म्हणजे तिथे गणितही संगणकावर होत असणार, असे पालक धरून चालतात. वर्गातल्या संगणकाची कामे मोजायला बसले तर डझनभर निघतील, पण मुळात ती दोन आहेत. एक म्हणजे दाखवणे. धडा, चित्रफीत, नकाशा पडद्यावर येतो आणि सारा वर्ग तो पाहतो. दुसरे म्हणजे विचारणे. यंत्र एकेका मुलाला प्रश्न घालते, उत्तर घेते, चूक पाहते आणि त्या चुकीवरून पुढचा प्रश्न ठरवते. गेल्या सत्तर वर्षांतले प्रयोग पाहिले तर मोजता येण्याजोगा फायदा बहुतेक वेळा विचारणाऱ्या संगणकाने दिला आहे. पैसा मात्र दाखवणाऱ्यावर अधिक गेला.

विचारणाऱ्या यंत्राची कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेत सिडनी प्रेसी यांनी १९२० नंतरच्या दशकात प्रश्न घालून उत्तर तपासणारे यांत्रिक उपकरण बनवले होते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून गणिताचा तास पाहायला बसले. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. सोडवलेले गणित बरोबर की चूक हे मुलाला त्या क्षणी कळत नव्हते, आणि ज्याचे झाले तो व ज्याला सुचत नव्हते तो, दोघेही एकाच चालीने पुढे ढकलले जात होते. पुढच्याच वर्षी त्यांनी आपले अध्यापन यंत्र मांडले. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या ‘प्लेटो’ प्रणालीने हेच काम खऱ्याखुऱ्या संगणकावर आणले. दाखवण्याची परंपरा वेगळी आहे आणि तिची वंशावळ आकाशवाणी, शैक्षणिक चित्रपट, दूरदर्शन अशी येते. भारतातला तिचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे १९७५-७६ मधला ‘साइट’ : अमेरिकी उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली आणि तिच्यावर शाळकरी मुलांसाठीही कार्यक्रम होते. अभियांत्रिकी म्हणून तो प्रयोग थोरच होता. पण पडद्यापुढे बसलेल्या मुलाला काय कळले हे पडद्याला कळण्याची सोय त्यात नव्हती. प्रोजेक्टरलाही ती नाही.

विचारणे म्हणजे नेमके काय, हे एका वजाबाकीवरून दिसते. ५२ मधून २७ वजा करायला सांगितले आणि मुलाने उत्तर लिहिले ३५. वहीवर लाल फुली पडेल, एवढे नक्की. पण ही चूक कोणती? काही मुले प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतात : सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. काही मुले एक दशक रीतसर सुटा करून बारातून सात वजा करतात, पण दशकाच्या घरातला तो दशक कमी करायला विसरतात. त्यांचेही उत्तर ३५च येते. पहिल्याला दशक सुटा करण्याची कल्पनाच नाही. दुसऱ्याला ती आहे, फक्त हिशेब अर्धा राहिला. दोघांना एकच स्पष्टीकरण देऊन भागत नाही. पुढचा प्रश्न ६२ वजा २८ असा घातला की दोघे वेगळे पडतात : पहिला ४६ लिहितो, दुसरा ४४. अनुभवी शिक्षकाला हे ठाऊक असते. पण शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गाला घालून दिलेले प्रमाण तीस मुलांमागे एक शिक्षक असे आहे. द्विशिक्षकी शाळेत त्याच खोलीत दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. तिथे प्रत्येकाची वही पाहून, चूक ओळखून, त्याच्या मापाचा पुढचा प्रश्न त्याच मिनिटाला देणे माणसाला शक्य नाही. वही तपासून मिळते दुसऱ्या दिवशी, तोवर मूल ३५ विसरलेले असते. यंत्राचा उपयोग नेमका या अडचणीच्या जागी आहे.

पुरावा पाहू. गुजरात सरकारने २००० साली वडोदऱ्याच्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. ‘प्रथम’ या संस्थेने दोन वर्षांनी पाहणी केली तेव्हा त्यांतले बरेचसे खोक्यांतच होते. संस्थेने ते बाहेर काढून चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, दोघांत एक संगणक अशा बेताने गणिताचे खेळ दिले. उत्तर येईल तसे प्रश्न सोपे किंवा अवघड होत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार दुसऱ्या वर्षाअखेर या मुलांचे गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. शिक्षणातल्या प्रयोगांत ही वाढ मोठी मानतात. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तिचा बराच भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. दुसरा दाखला दिल्लीचा. तिथे ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरवर शाळेनंतरच्या केंद्रांत मुले बसत, आणि कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग व अलेहांद्रो गानिमियान यांनी त्याचे मापन २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन इतकी सुधारणा आढळली. या अभ्यासातली अधिक बोलकी गोष्ट आरंभीच्या चाचणीत आहे : सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. सहावीचे पुस्तक पडद्यावर कितीही रंगीत करून दाखवले तरी जे मूल चौथीच्या पायरीवरही नीट उभे नाही, त्याच्या पदरात काय पडणार? माइंडस्पार्कने त्याला चौथीचे किंवा तिसरीचे प्रश्न दिले. म्हणूनच शाळेच्या वार्षिक परीक्षेत, जिथे सहावीचेच प्रश्न असतात, गणितातला हा लाभ तसा उमटला नाही. त्यातून दोष यंत्राचा दिसतो की परीक्षेचा, हे वाचकाने ठरवावे.

नुसते यंत्र पोचवल्याने काय होते, याचा दाखला पेरू या देशाने दिला आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या योजनेखाली तिथल्या सरकारने लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांतला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला : मुलांमागे संगणकांचे प्रमाण भरपूर वाढले होते, गणिताचे आणि भाषेचे गुण जागचे हलले नव्हते. याच योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्यावरील एका छोट्या शाळेत झाला. त्याचा देशभर विस्तार मात्र झाला नाही. ‘ज्ञानशाला’ या गुजरातमधल्या शाळांतून ली लिंडन यांना आढळले ते तर अधिक नेमके आहे : शिक्षकांचा तास काढून संगणकाला दिला तेव्हा मुले मागे पडली, शाळेच्या वेळेबाहेर जादा दिला तेव्हा पुढे गेली. सॉफ्टवेअर तेच होते. तेव्हा यंत्र कोणाच्या वेळेत बसते, हा प्रश्न ते कोणत्या कंपनीचे यापेक्षा महत्त्वाचा.

महाराष्ट्रातली डिजिटल शाळांची लाट या दृष्टीने तपासून घेण्यासारखी आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा टॅब्लेटवरच्या शिक्षणासाठी गाजली. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, एलईडी टीव्ही आणि टॅब आले. माढा तालुक्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर ते छापले जाऊ लागले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. गावाने आपल्या शाळेसाठी पदरमोड केली, ही या लाटेतली मोलाची गोष्ट आहे आणि पट टिकवायला तिची मदतच झाली असेल. परंतु वर्गणीतून आले ते बहुतेक दाखवण्याचे साहित्य. भिंतीवरचा पडदा उद्घाटनाच्या फोटोत छान येतो. उत्तरे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा फोटो निघत नाही. पुस्तकातला कोड मुलाला चित्रफितीपर्यंत नेऊन सोडतो, पुढे प्रश्न जोडलेला असेल तरच त्याला काही विचारले जाते. शिवाय वीजबिल थकले की जोडणी तुटते आणि सगळेच झाकून ठेवावे लागते.

विचारणाऱ्या संगणकाला असे झुकते माप देण्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. दाखवण्यालाही किंमत आहे, हा पहिला. हृदयाच्या कप्प्यांतून रक्त कसे फिरते, ग्रहणात सावली कुठे पडते, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हलत्या चित्रात लवकर कळते, आणि ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही तिथे तर ते वरदानच. हे मान्य करायलाच हवे. पण असे विषय वर्षाच्या अभ्यासक्रमात मोजके असतात आणि चित्रफीत मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारणारा शिक्षक तिथेही लागतो. दुसरा आक्षेप सीमोर पेपर्ट यांच्या पंथाचा. ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी ते एक, आणि १९८० मधल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी संगणकाने मुलाला चालवण्यापेक्षा मुलाने संगणकाला चालवावे अशी बाजू मांडली. त्यांच्या दृष्टीने वजाबाकीचे प्रश्न घालणारे यंत्र म्हणजे पाढे घोकून घेणारे पंतोजीच, फक्त विजेवर चालणारे. विचार मोठा आहे. तो वर्गात उतरवायला स्वतः संगणकाशी खेळलेला शिक्षक, लहान वर्ग आणि मोकळा वेळ लागतो. जिथे हे तिन्ही आहेत तिथे त्याच्या वाटेला जरूर जावे. वाचता न येणाऱ्या पाचवीच्या मुलापुढे आज तो पर्याय म्हणून ठेवणे ही त्याची थट्टा होईल. तिसरा आक्षेप आजचा : इंटरनेटवर उत्तर आयतेच मिळते, आता तर संभाषण करणारे प्रोग्राम निबंधही लिहून देतात, मग प्रश्न विचारण्यात अर्थ काय राहिला? उत्तर मिळवणे आणि उत्तर येणे यांतला फरक त्याने पुसला जात नाही. उलट वर्गात, शिक्षकादेखत, मुलाने स्वतः उत्तर देण्याची गरज त्याने वाढते.

करोनाकाळात या साऱ्याची सक्तीची चाचणी झाली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेले. ज्यांच्या घरी एकच फोन आणि तो कामावर गेलेल्या वडिलांकडे, त्यांचा वर्ग संध्याकाळी भरला किंवा भरलाच नाही. जे गटावर होते त्यांतल्या बहुतेकांना मिळाले ते दाखवणेच : चित्रफीत आली, अंगठा उमटला, दिवस संपला. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर त्याच वर्षी पहिली ते आठवीसाठी आलेली ‘टिलीमिली’ मालिका मात्र वेगळी होती. इंटरनेटशिवाय, निव्वळ दाखवण्याच्या माध्यमातून तिने मुलांना घरात, अंगणात, थोरांच्या सोबतीने करायच्या कृती दिल्या; पडद्यासमोरून उठायला लावले.

शाळांच्या माहितीसाठी देशभर भरल्या जाणाऱ्या ‘यू-डायस’ प्रपत्रात शाळेत संगणक किती, त्यांतले चालू किती आणि इंटरनेट आहे का, हे रकाने आहेत. एका मुलाने आठवडाभरात त्या संगणकावर किती प्रश्न सोडवले, याला त्यात रकाना नाही.