कवटीपासून माणसापर्यंत

मराठी वाचक इरावती कर्वे यांना ओळखतो तो महाभारतावरच्या ‘युगान्त’मुळे आणि त्यांच्या ललित लेखांमुळे. ज्या पदवीने त्या मानवशास्त्रज्ञ झाल्या, तिच्याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तो अभ्यास महाभारताचा नव्हता की आप्तसंबंधांचा नव्हता. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते, या विषयावर त्यांनी बर्लिनमध्ये प्रबंध लिहिला आणि १९३० मध्ये त्या मायदेशी परतल्या. महाराष्ट्रात जैविक मानवशास्त्राचे उच्च शिक्षण पुढे उभे राहिले, त्याची एक मुळी थेट त्या प्रबंधात आहे. आणि ती ज्या मातीत रुजली ती माती विषारी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही पुढच्या पन्नास-साठ वर्षांत पुण्यात या विद्येने वेगळी वाट धरली. उपकरणे बदलली म्हणून हे घडले, असे मला वाटत नाही. कॅलिपर, मोजपट्टी आणि आकड्यांचे तक्ते बराच काळ तेच होते. बदलले ते तुलनेचे एकक. आधी वंश मोजला जात होता, मग अंतर्विवाही जात मोजली गेली आणि अखेरीस एकेका माणसाचे जगणे त्याच्या हाडांतून वाचले जाऊ लागले. हा बदल कुणाच्या जाहीरनाम्याने झाला नाही. तो प्रबंधांतून, उत्खननाच्या अहवालांतून, मापांच्या रूक्ष तक्त्यांतून हळूहळू झाला, म्हणूनच त्याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

भारतात माणसे मोजण्याची सुरुवात विद्यापीठाने केली नाही, सरकारने केली. हर्बर्ट रिस्ली या अधिकाऱ्याने १८९१ मध्ये बंगालच्या जाती-जमातींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मोठा भर नासिकांकावर होता: नाकाच्या रुंदीला लांबीने भागायचे आणि आलेल्या आकड्याला शंभराने गुणायचे. नाक जितके रुंद तितका जातीचा सामाजिक दर्जा खाली, असा निष्कर्ष त्याने काढला आणि १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख या नात्याने त्याला सरकारी वजनही मिळाले. यातली खरी गफलत मोजण्यात नव्हती. जातींची उतरंड म्हणजे वंशांची उतरंड, हे त्याने आधीच धरून ठेवले होते आणि आकड्यांकडून फक्त होकार मागितला होता. मुंबई विद्यापीठात इरावतीबाईंना शिकवणाऱ्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हीच मापे पुन्हा तपासली आणि उत्तर भारताच्या काही भागाबाहेर हा नियम टिकत नाही, हे दाखवून दिले. एखाद्या सिद्धान्ताला त्याच्याच आकड्यांनी उत्तर देता येते, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईतल्या विद्यार्थ्यांसमोर घडत होती.

इरावतीबाई १९२८ च्या अखेरीस बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सासऱ्यांचा, महर्षी कर्वे यांचा, या परदेशगमनाला विरोध होता. पती दिनकर मात्र ठामपणे पाठीशी उभे राहिले. दालेम भागातल्या ज्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांनी काम केले, ती वर्षभरापूर्वीच, १९२७ मध्ये, सुरू झाली होती आणि तिच्या पूर्ण नावात मानवशास्त्र व मानवी आनुवंशिकतेच्या जोडीला सुप्रजननही होते. संचालक ऑयगेन फिशर हे जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या रेहोबोथ येथील मिश्र वंशाच्या लोकांवर १९१३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाले होते, आणि वंशसंकराविरुद्धच्या जर्मन विचाराला त्या ग्रंथाने बळ दिले होते. हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३३ मध्ये, हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशा मार्गदर्शकाच्या हाताखाली इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी अधिक तर्कनिष्ठ, म्हणून त्याच्या कवटीच्या दोन बाजूंतला फरकही अधिक, अशी फिशर यांची अटकळ होती. मापे हाती आली तेव्हा कवटीची विषमता आणि वंश यांचा संबंध काही दिसला नाही, आणि इरावतीबाईंनी तसे लिहिले. त्यांच्या प्रबंधाला उत्तीर्ण होण्यापुरती, सर्वांत खालची श्रेणी मिळाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. विशीतली, परदेशी, मार्गदर्शकाच्या मर्जीवर पदवी अवलंबून असलेली विद्यार्थिनी आकड्यांच्या बाजूने उभी राहते, याचे मोल मोठे आहे. पण हे केवळ वैयक्तिक धैर्य नव्हते. फिशर यांच्या संस्थेने तिला मोजण्याची जी काटेकोर शिस्त शिकवली, तिनेच फिशर यांचे गृहीतक मोडले.

इरावतीबाई १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आल्या आणि समाजशास्त्र, मानवशास्त्र, पुरातत्त्व यांच्या सरहद्दीवर त्यांचे काम सुरू झाले. त्या दशकात भारतात मापांकडे पाहण्याची नजर बदलत होती, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी संख्याशास्त्राला आहे. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये दोन समूहांमधले अंतर एकाच वेळी अनेक मापांवरून काढण्याचे सूत्र मांडले. त्यामागे त्यांनी तोवर केलेला मानवमितीचा अभ्यास होता. पुढे सी. आर. राव १९४६ मध्ये केंब्रिजला गेले तेही सुदानमधल्या जेबेल मोया येथील सांगाड्यांच्या मापांचे विश्लेषण करायला. एका नाकावर माणसांना खण पाडून बसवण्याचे दिवस अशा पद्धतीपुढे टिकणार नव्हते. पुण्यात इरावतीबाईंनी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या मानवमितीवरचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तुलनेचे एकक होते अंतर्विवाही गट: ज्याच्या आत लग्ने होतात आणि बाहेर होत नाहीत, तो समूह. सर्व ब्राह्मणांना एकत्र धरून सरासरी काढण्याऐवजी चित्पावन, देशस्थ ऋग्वेदी, कऱ्हाडे, माध्यंदिन असे वेगवेगळे मोजले तर काय दिसते? १९६८ मध्ये त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर समान दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना मांडली, शरीराच्या मापांबरोबर आनुवंशिक लक्षणेही घेऊन. दर्जा एक असला तरी शरीरे एका मुशीतली नव्हती. रिस्लीने दर्जावरून वंश काढला होता; इथे तोच दुवा तुटला.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. बर्लिनमध्ये वंशवादाला नकार देणाऱ्या इरावतीबाईंनी घरी आल्यावर पुढची तीन दशके जातीजातींतली माणसे मोजलीच ना? मग बर्लिनची चौकटच त्यांनी सह्याद्रीत आणली असे का म्हणू नये? या आक्षेपात तथ्य आहे आणि पुरावाही आहे. गुजरातमधल्या लांघणज येथे अश्मयुगीन सांगाडे सापडले, तेव्हा पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि इरावतीबाई यांनी १९४९ मध्ये त्यांचे वर्णन केले ते वंशाच्याच परिभाषेत. आफ्रिकेशी साम्य शोधण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही. पुढे त्याच सांगाड्यांचा सविस्तर अभ्यास डेक्कन कॉलेजने १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या जर्मन अभ्यासक सोफी एअरहार्ट नाझी काळात रोमा लोकांच्या वंशतपासणीत काम केलेल्या होत्या, तर त्यांचे सहलेखक केनेथ केनेडी पुढे वंश या कल्पनेचे ठाम टीकाकार झाले. एकाच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ही दोन नावे शेजारी आहेत. म्हणजे जुनी विद्या एका झटक्यात गळून पडली नाही, हे मान्य करायलाच हवे. तरीही दोन्ही मोजण्या एकसारख्या ठरत नाहीत. वंश हा मोजणाऱ्याने कल्पिलेला गट असतो. अंतर्विवाही जात समाजाने स्वतःच्या लग्नाच्या नियमांनी बनवलेली असते आणि तिचा शरीरावर काही परिणाम दिसतो का, हा प्रश्न खोटा ठरू शकतो. खोटा ठरू शकणारा प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती देणे, हे उच्च शिक्षणाचे काम आहे, आणि पुण्यात ते झाले.

प्रश्न खोटा ठरू शकतो म्हटले की उत्तरेही दुरुस्त होणार. जाती मुळात वेगवेगळ्या समूहांतून आल्या आणि एकमेकींशेजारी जोडल्या गेल्या, एक मूळ समाज फुटून बनल्या नाहीत, असे इरावतीबाईंचे मत होते. २०१३ पासूनच्या जनुकीय अभ्यासांनी वेगळे चित्र दाखवले. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात दूरदूरच्या समूहांचे व्यापक मिश्रण झाले. कडक अंतर्विवाह त्यानंतर आला. २०१६ च्या एका अभ्यासाने तो सुमारे ७० पिढ्यांपूर्वीचा असल्याचा अंदाज दिला. इरावतीबाईंच्या निष्कर्षाला यामुळे मुरड घालावी लागते, कारण आजच्या जातींतला बराच फरक मिश्रणानंतरच्या अलगपणाने साचलेला असू शकतो. एकक मात्र त्यांनी निवडलेलेच राहिले. जनुकांचा अभ्यासकही नमुना घेताना आधी विचारतो की तुमच्यात लग्ने कुठे होतात.

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो तो इनामगावचा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात इथे शेतकरी राहत होते. लहान मुलांना ते दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांना पुरताना पाय घोट्याच्या वर तोडलेले आढळतात. शेकडो मडकी, त्यांत तान्ह्यांची हाडे. जुन्या पद्धतीने इथे प्रश्न विचारला असता: हे लोक कोणत्या वंशाचे? सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन अभ्यासक जॉन लुकाच यांनी या सांगाड्यांवर काम केले तेव्हा प्रश्नांचा रोख वेगळा होता. ही मुले कोणत्या वयात गेली? दाताच्या वेष्टनावर वाढ थांबल्याच्या रेघा आहेत का? दात किडले का, म्हणजे आहारात पिठूळ पदार्थ किती? अलीकडे मुलांच्या मांडीच्या हाडाची लांबी दातांवरून काढलेल्या वयाशी ताडून पाहिली गेली आणि वसाहतीच्या अखेरच्या टप्प्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी १००० नंतरच्या ‘उत्तर जोर्वे’ काळात, वाढ खुंटल्याच्या खुणा दिसल्या. उत्खननात त्याच काळात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आलेल्या आढळतात. घरांचा पुरावा आणि हाडांचा पुरावा एकमेकांना दुजोरा देतो. त्या गावात उपासमार कुणाच्या वाट्याला आली, हे ना एखादा शिलालेख सांगत, ना कुठली पोथी. एका बालकाच्या दातावरची रेघ ते सांगते, आणि ती रेघ ओळखायला वर्षानुवर्षे शिकावे लागते.

कुणी म्हणेल, आता प्राचीन डीएनए मिळतो, मग हाडे ओळखणारे विद्यार्थी घडवायचे कशाला? पहिले कारण व्यवहाराचे आहे: नमुना बहुधा कानाजवळच्या कठीण हाडातून घ्यावा लागतो, तो घेताना हाडाचा तेवढा भाग कायमचा नष्ट होतो, आणि काय गमावतो आहोत हे सांगायला हाड वाचणारा माणूसच लागतो. दुसरे कारण जड आहे. डीएनए पूर्वज सांगतो, भूक सांगत नाही. आणि एकक कोणते, हा जुना प्रश्न तिथेही सुटलेला नाही. हडप्पा संस्कृतीच्या राखीगढी येथील सांगाड्यांतून ६१ नमुने तपासले गेले, त्यांतल्या एकाच स्त्रीच्या नमुन्याने वापरण्याजोगा डीएनए दिला. २०१९ मध्ये तो निष्कर्ष छापून आला आणि काही दिवसांतच त्या एका स्त्रीवरून संपूर्ण संस्कृतीचा, संपूर्ण देशाचा वंश ठरवणारे लेख, आर्य बाहेरून आले की इथलेच या वादाच्या दोन्ही बाजूंनी, लिहिले गेले. ज्याने इनामगावची शेकडो दफने एकेक करून मोजली आहेत, वय, दात, हाडाची लांबी असा प्रत्येकाचा वेगळा तक्ता भरला आहे, तो विद्यार्थी एका नमुन्यावरून देश बोलायला लागण्याआधी उरलेल्या साठ नमुन्यांचे काय झाले, ते विचारतो.