दीर्घिकेतलं पाणी

पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये एका अतिदूरच्या सर्पिल दीर्घिकेचा शोध जाहीर केला. तिचा प्रकाश सुमारे १,२०० कोटी वर्षं प्रवास करून जेम्स वेब दुर्बिणीपर्यंत पोहोचला. म्हणजे विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असताना ती कशी होती, ते आज दिसतं आहे. दोन रेखीव भुजा, आणि त्यांच्यावर ओवलेल्या मण्यांसारखे नव्या ताऱ्यांचे पुंजके. इतक्या कोवळ्या वयात असा घाट जमून येईल, हे खगोलशास्त्रज्ञांना अपेक्षित नव्हतं.

तिचं नाव 'अलकनंदा'. आपल्या आकाशगंगेला हिंदीत 'मंदाकिनी' म्हणतात. मंदाकिनी आणि अलकनंदा या नद्यांचा संगम रुद्रप्रयागला होतो, म्हणून ही तिची बहीण. नाव मला अतिशय आवडलं. पण अशा शोधाच्या बातमीत 'नवी आकाशगंगा सापडली' असं हमखास वाचायला मिळतं आणि मन खट्टू होतं. आकाशगंगा हे विशेषनाम आहे, फक्त आपल्या दीर्घिकेचं. एडविन हबल यांनी १९२४च्या सुमारास देवयानी (अँड्रोमेडा) आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचं दाखवलं, तेव्हापासून आकाशगंगेसारख्या या साऱ्या तारकाविश्वांना मिळून एका सामान्यनामाची गरज पडली. मराठीने त्यासाठी 'दीर्घिका' हा शब्द घेतला. जयंत नारळीकरांच्या लेखनातून तो शाळकरी वाचकांपर्यंतही पोहोचला.

दीर्घ म्हणजे लांब, म्हणून लांबच लांब पसरलेली ती दीर्घिका, असा अर्थ सहज लावला जातो. शब्द त्याहून श्रीमंत आहे. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं, बागेतली पुष्करिणी. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त भर दुपारी हंस डोळे मिटून कमळाच्या पानांच्या सावलीत विसावतात, ते दीर्घिकेतच. अमरकोशात तर दीर्घिका थेट आकाशात जाते. स्वर्गातल्या गंगेची जी नावं तिथे दिली आहेत, त्यांत मंदाकिनी आहे, वियद्गंगा आहे आणि 'सुरदीर्घिका'ही आहे. सुरदीर्घिका म्हणजे देवांची पुष्करिणी! ज्याने कुणी गॅलेक्सीसाठी हा शब्द निवडला, त्याच्या मनात हे असो वा नसो, शब्द मात्र आपल्या माहेरीच परत आला.

ग्रीकांना आकाशगंगेच्या पांढुरक्या पट्ट्यात दूध दिसलं. त्यांच्या 'गाला' म्हणजे दूध या शब्दातून गॅलेक्सी आली. आपल्याकडे तिथे पाणी दिसलं, आणि पुण्याचे संशोधक आजही नावं पाण्याचीच ठेवतात. २०१७ मध्ये आयुका आणि आयसर या पुण्यातल्याच संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा दीर्घिकांचा एक महासमूह शोधला, त्याचं नाव 'सरस्वती'.

तेव्हा बातमी लिहिणाऱ्यांना एकच विनंती: आकाशगंगा एकच राहू द्या. बाकी सगळ्या दीर्घिका. शब्द मराठीत तयार आहे, नेमका आहे, तो वापरा.