आकाशरेषा आणि बीड जिल्हा

दोन नगरांमधील अंतर कोसांनीं मोजावें कीं घटकांनीं, हा प्रश्न विमानाच्या युगांत नव्यानें उभा राहिला. नकाशावर कराची व बीदर या दोन ठिकाणांमध्यें दोरी ताणून पाहिली, तर ती बीड शहराच्या अगदीं जवळून जाते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत आलेली नसेल. या रेषेची लांबी सुमारें १,३२० किलोमीटर आहे.

१९४८ सालीं सिडनी कॉटन नांवाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक लँकेस्ट्रियन जातीच्या विमानांतून कराचीहून निजामाच्या राज्यांत चोरून शस्त्रें आणीत होता. बीदर व वरंगळ येथें हीं विमानें उतरत. चोरवाट सरळ रेषा पाळीत नाहीं, हें खरें. तथापि त्या विमानाच्या वेगाचा हिशेब केल्यास कराची व बीदर यांमधील अंतर अवघें साडेतीन तासांचें ठरतें. सायंकाळीं निघालेलें विमान मध्यरात्रीपूर्वीं पोंचावें, इतकें तें जवळ!

आतां त्याच आकाशाखालच्या भूमीकडे पाहूं. आंबेजोगाई, म्हणजे तेव्हांचें मोमिनाबाद, येथून हैदराबाद सरळ रेषेंत सुमारें २७० किलोमीटर आहे. विमानास ही वाट तासाभराचीहि नाहीं. परंतु तेथील योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ यांनीं १९३८ सालीं शाळा सोडून राजधानीची वाट धरली, ती सत्याग्रहाची व तुरुंगवासाची वाट होती. तिच्या शेवटाला जावयास दहा वर्षें लागलीं.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूनें नळदुर्गाकडे शिरल्या आणि १७ सप्टेंबर रोजीं निजामानें शरणागति पत्करली. आकाशांतून आलेल्या शस्त्रांनीं निकाल फिरला नाहीं. याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. राजाला कराची साडेतीन तासांवर आणतां आली, पण स्वतःच्याच राज्यांतील बीड, परभणी, उस्मानाबाद हे जिल्हे त्याच्यापासून मनानें फार लांब गेले होते. आणि हें अंतर कोणतेंहि विमान तोडूं शकत नाहीं.

योगायोग असा कीं, बीड शहरांतून अहिल्यानगरकडे पहिली आगगाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, म्हणजे मुक्तिदिनींच. मधल्या सत्याहत्तर वर्षांत बीडवरून किती विमानें गेलीं असतील, याची गणती कोण ठेवणार! विमानांत बसावयाचें तर बीडकरास अजूनहि छत्रपती संभाजीनगरसारख्या परक्या जिल्ह्याची वाट धरावी लागते. एखाद्या प्रदेशावरून जाणें निराळें आणि त्या प्रदेशांत येऊन थांबणें निराळें. लोकांच्या दृष्टीनें अंतर कमी होतें तें दुसऱ्या गोष्टीनें. पहिलीनें केवळ नकाशावरची रेघ आंखली जाते.