दुसरा कप कडू का होतो?

आमच्या घरात चहा दोन प्रकारचा होतो. घरच्यांचा आलं ठेचून खळखळ उकळलेला, आणि माझा दार्जिलिंग, फ्रेंच प्रेसमध्ये मुरवलेला. "कॉफीच्या भांड्यात चहा?" असं सासूबाई अजून विचारतात. पण चहाच्या भांड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोष्टीशी झुंज घेतली आहे: पत्ती पाण्यातून वेळेवर वेगळी कशी करायची?

चीनमध्ये आधी हा पेच फारसा नव्हता. चहाच्या दाबलेल्या वड्या कुटून, पूड करून वापरत. १३९१ साली मिंग सम्राट होंगवूने वड्यांचा नजराणा बंद करून सुट्या पानांचा चहा मागवला आणि पानं भिजवण्याची रीत रुजली. मग यीशिंगच्या मातीच्या किटल्या नावारूपाला आल्या. त्या लहान. चहा झाला की किटली पुरती रिकामी करायची, म्हणजे पानं पाण्यात पडून राहत नाहीत.

इंग्रजांनी किटली मोठी केली आणि अडचण ओढवून घेतली. पहिला कप फक्कड, पण पत्ती तळाशी तशीच, म्हणून दुसरा कडू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डंडोनाल्डच्या अर्लने यावर एक विक्षिप्त तोड काढली. त्याची किटली आधी पाठीवर आडवी ठेवायची, चहा उतरला की उभी करायची. पानं वरच्या कप्प्यात पाण्याबाहेर राहतात. ही युक्ती मला फार आवडते, पण ओट्यावर आडवी पडलेली किटली पाहून आमच्याकडे कोणीतरी ती सरळ केलीच असती!

फ्रेंच प्रेस मात्र कॉफीवाल्यांचं अपत्य. १८५२ साली पॅरिसच्या मेयर आणि डेलफोर्ज यांनी दांड्याला लावलेल्या गाळणीचं पेटंट घेतलं. १९२९ मध्ये मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांनी स्वतंत्र पेटंट घेतलं. पुढे बोंदानिनी नावाच्या एकाचा १९५८ चा नमुना फ्रान्समध्ये घरोघर गेला.

आपल्याकडे प्रेसशी सूत न जुळण्याचं कारण पत्तीतच आहे. १९३०च्या सुमारास आसामातल्या आमगुडी मळ्यात विल्यम मॅकर्चरने सीटीसी यंत्र बनवलं. पान चिरडून, फाडून, गोळीदार दाणे करणारं. त्या दाण्यांचा रंग पटकन उतरतो, दुधाला पेलतो आणि उकळणं सोसतो. त्यासाठी फडकं किंवा बारीक गाळणंच हवं. प्रेसच्या जाळीतून चुरा निसटतो. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक, रानड्यांना प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावं लागलं, तेव्हा हे दाणे जन्मालाही आले नव्हते. त्या मंडळींच्या कपात पानाचाच चहा होता.

पानाच्या चहाला प्रेस छान चालतो, पण एक गैरसमज असतो. दांडा दाबला की मुरणं थांबतं असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. पानं तळाशी दबतात, पाणी त्यांना शिवतच राहतं. जोरात दाबलं तर तुरटपणाही वाढतो. म्हणून मी दोन लहान चमचे पत्ती घालते, उकळी मोडलेलं पाणी ओतते, तीन मिनिटं थांबते, जाळी पानांच्या जरा वरच अडवते आणि सगळा चहा एकदम दुसऱ्या भांड्यात काढते. यीशिंगवाले करायचे तेच, फक्त काचेत. त्या पानांवर पुन्हा गरम पाणी ओतलं की दुसरा कपही निघतो, आणि तो सासूबाईंना चालतो, दूध घालून.