मिरवणूक चौकातून का वळवली? क्रिस्पस अटक्स, १९५५

"खेळाला जात नसते" हे वाक्य दर विश्वचषकाच्या वेळी आपल्या मोबाईलवर येऊन आदळते. पाठवणारा बहुधा सज्जन असतो. त्याला खरोखरच वाटत असते की मैदानात चेंडू कोणाची जात विचारत नाही, म्हणून मैदानाबाहेरही हळूहळू सगळे सुरळीत होईल. चेंडू जात विचारत नाही हे मान्य. पण सामना संपल्यावर, जिंकलेल्या संघाचे लोक गुलाल उधळत रस्त्यावर येतात तेव्हा रस्ता कोणाचा असतो? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका शहराने १९ मार्च १९५५ च्या रात्री इतक्या स्पष्टपणे दिले आहे की ते आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यायला हवे.

शहर इंडियानापोलिस, राज्य इंडियाना. संघ क्रिस्पस अटक्स हायस्कूलचा, बास्केटबॉलचा. आणि पाठीराखे म्हणजे शहरातली अख्खी कृष्णवर्णीय वस्ती.

आधी शाळेचा जन्म पाहू, कारण त्याशिवाय पाठीराख्याचे वेड कळणार नाही. १९२० च्या दशकात इंडियाना हा कू क्लक्स क्लॅनचा बालेकिल्ला होता. दक्षिणेतले राज्य नव्हे, उत्तरेतले. हे विसरू नका. १९२४ मध्ये क्लॅनच्या पाठिंब्यावर राज्याचा गव्हर्नर निवडून आला. तोपर्यंत शहरातील कृष्णवर्णीय मुले गोऱ्या मुलांबरोबर हायस्कुलात शिकत होती. ती तिथून काढून एकाच ठिकाणी कोंबावीत म्हणून शहराच्या शिक्षण मंडळाने १९२२ मध्ये वेगळ्या हायस्कूलचा निर्णय घेतला आणि १९२७ मध्ये शाळा उघडली. मंडळाने तिला थॉमस जेफरसन यांचे नाव द्यायचे ठरवले होते. जेफरसन गुलामांचे मालक होते. वस्तीने विरोध केला आणि नाव मिळवले क्रिस्पस अटक्सचे. १७७० मध्ये बोस्टनमध्ये इंग्रज सैनिकांच्या गोळीबारात मेलेला, आफ्रिकी आणि मूळनिवासी रक्ताचा तो माणूस. नामांतराची लढाई आपल्याला सांगायला नको.

या शाळेत एक गोष्ट मात्र क्लॅनच्या हिशोबाबाहेर घडली. एम.ए., पीएच.डी. झालेल्या कृष्णवर्णीय विद्वानांना गोऱ्या विद्यापीठांत नोकरी मिळत नव्हती, म्हणून ते इथे हायस्कूलचे शिक्षक झाले. ज्या शाळेने मुलांना मागे ठेवायचे होते, तिथले शिक्षक शहरातल्या कित्येक शाळांपेक्षा जास्त शिकलेले होते.

आता खेळ. इंडियानात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचे क्रिकेट, किंबहुना त्याहून जास्त. दरवर्षी राज्यभरातल्या सातशेहून अधिक शाळा, लहान-मोठा भेद न करता, एकाच स्पर्धेत उतरत. आणि अटक्सला या स्पर्धेत प्रवेश नव्हता, तोही तब्बल १९४२ पर्यंत! राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेचा युक्तिवाद असा की अटक्स ही सर्वांसाठी खुली शाळा नाही, तिथे फक्त कृष्णवर्णीय मुले शिकतात, म्हणून ती सार्वजनिक शाळा ठरत नाही. म्हणजे वेगळे तुम्हीच काढायचे, आणि मग "हे वेगळे आहेत" म्हणून बाहेर ठेवायचे. गावकुसाबाहेर घालून पुन्हा "हे गावात राहत नाहीत" म्हणणारा तर्क तो हाच. त्या पंधरा वर्षांत अटक्सचा संघ बाहेरच्या राज्यांतल्या कृष्णवर्णीय शाळांशी आणि खेळायला तयार होणाऱ्या छोट्या खेडेगावांच्या शाळांशी लांबलांब प्रवास करून खेळत राहिला.

पाठीराखा कोण होता? इंडियाना अव्हेन्यूच्या आसपास राहणारा कामगार, मोलकरीण, दुकानदार, शिक्षक. त्याच रस्त्यावर मॅडम सी. जे. वॉकर यांच्या नावाचे थिएटर होते, आसपास जॅझचे क्लब होते. जवळच लॉकफिल्ड गार्डन्स ही सरकारी वसाहत १९३८ मध्ये उभी राहिली. तिच्याजवळच्या धुळीच्या मैदानाला लोक 'डस्ट बोल' म्हणत, म्हणजे धुळीची परातच म्हणा. तिथेच ऑस्कर रॉबर्टसन हा मुलगा खेळ शिकला. टेनेसीच्या खेड्यातून शहरात आलेल्या कुटुंबातला हा पोरगा. शहरातल्या रिव्हरसाइड करमणूक बागेत या वस्तीच्या मुलांना वर्षातला एखादा ठरावीक दिवस सोडला तर प्रवेश नव्हता. पाळण्यात बसायची परवानगी नसलेल्या मुलांना एक संघ मिळाला होता, तो पूर्णपणे त्यांचा होता.

१९५० मध्ये रे क्रो प्रशिक्षक झाले. आधीच्या काळात मुख्याध्यापक रसेल लेन यांचा भर सभ्यतेवर असे. गोऱ्यांच्या डोळ्यात येईल असे काही करू नका, खेळ नम्रपणे खेळा. लेन यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण १९३० मध्ये याच राज्यातल्या मॅरियन गावात दोन कृष्णवर्णीय तरुणांना जमावाने झाडाला लटकावले होते, आणि ते वर्ष म्हणजे लेन मुख्याध्यापक झाले ते वर्ष. त्यांची भीती हवेतली नव्हती. तरीही क्रो यांनी मुलांना जिंकायला शिकवले. वेगवान, आक्रमक, समोरच्याला श्वास घेऊ न देणारा खेळ. १९५१ मध्ये अटक्स राज्याच्या शेवटच्या चार संघांत पोहोचले. वाटेत अँडरसनविरुद्ध ८१-८० असा एका गुणाने विजय मिळाला. शेवटच्या क्षणी चेंडू जाळीत टाकणारा होता ऑस्करचा थोरला भाऊ बेली. त्या दिवसापासून शाळेच्या लहानशा जिममध्ये हे पाठीराखे मावेनात. सामने बटलर फिल्डहाऊस या प्रचंड बंदिस्त मैदानात होऊ लागले. पाठीराख्यांचे एक गाणेही होते. विजय पक्का झाला की ते सुरू व्हायचे, आणि समोरच्या पाठीराख्यांना ते भयंकर झोंबायचे. सभ्यतेचे सगळे धडे त्या गाण्यात विरघळून जात असावेत!

१९५४ मध्ये अटक्स मायलन या छोट्या गावाच्या शाळेकडून ६५-५२ असे हरले. मायलनने पुढे अजिंक्यपद जिंकले. दीडशे-पावणेदोनशे मुलांची गोरी शाळा राज्य जिंकते, ही कथा अमेरिकेला इतकी आवडली की १९८६ मध्ये तिच्यावरून 'हूजियर्स' नावाचा गाजलेला चित्रपट निघाला. चित्रपटात अंतिम सामन्यात हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाची छोटी भूमिका कोणी केली माहीत आहे? खुद्द रे क्रो यांनी. ज्या माणसाने पुढच्या सलग दोन वर्षी खरोखर अजिंक्यपद जिंकले, त्याला पडद्यावर पराभूत बाकावर बसवले गेले. दुबळ्याने बलाढ्याला हरवल्याची गोष्ट सांगायची होती तर अटक्सची का नाही सांगितली? याचे उत्तर तुम्हीच द्या.

आणि मग १९५५. मागच्याच वर्षी, १७ मे १९५४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. कागदावर अटक्ससारख्या शाळेचा आधारच संपला होता, आणि नेमकी तीच शाळा राज्य गाजवत होती. संपूर्ण हंगामात एकच सामना गेला, कॉनर्सव्हिलकडून, तोही एका गुणाने. पाठीराख्यांचा जीव टांगणीला लागला तो मन्सी सेंट्रलविरुद्ध. दोन्ही संघ तगडे, गुणफलक ७१-७०, आणि शेवटच्या क्षणांत मन्सीचा पास मध्येच झडप घालून अडवला ऑस्करने. तो सोळा वर्षांचा होता. १९ मार्चच्या दुपारी न्यू अल्बनीला ७९-६७ ने हरवले, रात्री अंतिम सामना. समोर गॅरी रूझवेल्ट, तीही कृष्णवर्णीय मुलांची शाळा! तेरा वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांना दारात उभे केले जात नव्हते, तेच दोन्ही बाजूंना. अटक्स ९७, रूझवेल्ट ७४. देशातल्या कोणत्याही खुल्या राज्यस्पर्धेत पूर्णपणे कृष्णवर्णीय शाळेचे हे पहिले अजिंक्यपद. आणखी एक गोष्ट: १९११ पासून स्पर्धा चालू होती, पण राजधानी इंडियानापोलिसच्या एकाही शाळेने ती कधी जिंकली नव्हती. म्हणजे विजय शहराचाही होता. निदान व्हायला हवा होता.

शहराच्या मध्यभागी मॉन्युमेंट सर्कल नावाचा गोल चौक आहे. मधोमध सैनिकांचे भव्य स्मारक. गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धात लढलेल्यांचीही आठवण त्यात आहे आणि पायथ्याच्या शिल्पात तुटलेल्या साखळ्या हाती धरलेला मुक्त गुलामही कोरलेला आहे. विजेत्यांनी या चौकात यावे, गर्दीने जल्लोष करावा, ही रीत. आदल्याच वर्षी मायलनच्या मुलांच्या गाड्या पोलिसांनी स्वतः पुढे राहून चौकाभोवती उलट्या दिशेने फिरवल्या होत्या, आनंदाच्या भरात वाहतुकीचा नियम मोडून.

अटक्सची मुले अग्निशमन दलाच्या गाडीवर चढून निघाली. गाडीने चौकाला एक फेरी मारली आणि ती तशीच पुढे काढून थेट कृष्णवर्णीय वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्ककडे नेण्यात आली. तुमचा आनंद तिकडे, तुमच्या भागात साजरा करा. कारण काय, तर शहराच्या कारभाऱ्यांना भीती होती की ही गर्दी मध्यवस्तीत थांबली तर दंगा होईल, मोडतोड होईल. पार्कात शेकोटी पेटली, लोक नाचले. ऑस्कर मात्र लवकर घरी निघून गेला. या शहराला आपण नको आहोत हे त्याला त्या रात्री कळले, आणि म्हातारपणापर्यंत त्याने ते मनातून काढले नाही. आत्मचरित्रात आणि मुलाखतींत तो हे सांगत आला आहे.

पाठीराख्याचे काय? खेळाडूला निदान पदक मिळते. पाठीराख्याकडे असतो फक्त रस्ता. त्याचे अजिंक्यपद म्हणजे त्या रात्री चौकात उभे राहून ओरडण्याचा हक्क, आणि नेमका तोच काढून घेतला गेला. सामना जिंकलात हे आम्ही मान्य करतो, चौक मात्र आमचा. महाराष्ट्रात ज्याने एकदा तरी जयंतीच्या मिरवणुकीच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्याला हे वाचून नवल वाटणार नाही. मी वस्त्यांमध्ये काम करते तेव्हा मंडळाच्या पोरांचा अर्धा जीव भाषणात नाही, मार्गात अडकलेला असतो: मिरवणूक वेशीतून जाणार का, मारुतीच्या पारासमोरून जाणार का, की "तुमच्याच गल्लीत काय ते करा". नांदेड जिल्ह्यातल्या बोंढार हवेलीत जून २०२३ मध्ये आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाला, असा त्याच्या कुटुंबाचा आरोप आहे. डीजेच्या भिंती मलाही आवडत नाहीत, त्यावर आपसात जरूर भांडू. पण मार्ग अडवणाऱ्याचा आक्षेप आवाजाला नसतो.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर पळवणकर बाळू घ्या. चर्मकार समाजातला, आपल्या काळातला देशातला सर्वोत्तम फिरकी गोलंदाज. पुण्याच्या हिंदूंच्या संघाला तो मैदानात हवा होता, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते मिळाले १९२३ मध्ये, त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूंचे कौतुक होते. पुढे बाळू पुणे करारावर सही करणाऱ्यांत होते आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांच्याच विरोधात उभे केले. बळी कितीही घ्या, संघ कोणाच्या मालकीचा आहे यावर तुमचा वापर कसा होणार ते ठरते. बाबासाहेब ती निवडणूक जिंकले.

म्हणून खेळ सोडा आणि चळवळ करा, असे म्हणणारे आपले काही ज्येष्ठ कार्यकर्ते मला पटत नाहीत. अटक्सचा पाठीराखा वेळ वाया घालवत नव्हता. अटक्स जिंकू लागल्यावर शहरातल्या गोऱ्या शाळांना अचानक कृष्णवर्णीय खेळाडू हवेसे वाटू लागले, हे अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. हेतू स्वार्थी होता, पण दार किलकिले झाले. १९५६ मध्ये अटक्सने एकही सामना न हरता पुन्हा अजिंक्यपद घेतले, १९५९ मध्ये तिसरे. रे क्रो पुढे राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले.

आणि ऑस्कर? १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, मग व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये विक्रमांची रास. मला त्याच्या विक्रमांपेक्षा त्याचा खटला मोठा वाटतो. तेव्हा खेळाडू एकदा एका संघाचा झाला की मालक सोडेपर्यंत त्याचाच राहायचा. वेठबिगारीच, फक्त पगार चांगला. खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष म्हणून ऑस्करने १९७० मध्ये एनबीए या लीगवर खटला भरला. सहा वर्षे तो चालला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूला स्वतःचा संघ निवडण्याची वाट मोकळी झाली. आज कोट्यवधी डॉलर कमावणारा प्रत्येक खेळाडू, गोरा असो की काळा, त्या खटल्याचे खातो.

इंडियानापोलिसने १९५५ च्या त्या संघाला शहराच्या मोठ्या वार्षिक संचलनात मानाने सर्वांत पुढे बसवले ते २०१५ मध्ये, साठ वर्षांनी. ऑस्कर तेव्हा शहात्तर वर्षांचा होता. रे क्रो २००३ मध्येच वारले होते.