मृगाचा किडा, माळरान आणि स्मृतीचे साधनमूल्य

बालपणी पाहिलेल्या निसर्गाची आठवण ही मराठी समीक्षेने सामान्यतः 'स्मरणरंजन' या सदरात टाकून दिलेली गोष्ट आहे. ललित निबंधात ती शोभून दिसते, आत्मचरित्राच्या पहिल्या प्रकरणात ती अपेक्षितच असते. परंतु इतिहासाचे साधन म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. इतिहासकाराला दफ्तर हवे असते आणि जीवशास्त्रज्ञाला गणना. दख्खनच्या माळरानावर गेल्या अर्धशतकात जे घडले त्याचा बराचसा भाग मात्र दफ्तरातही नाही आणि गणनेतही नाही. तो कोणी दडवला असे नव्हे. तो नोंदवण्याजोगा आहे असे नोंदणाऱ्यांना वाटले नाही, एवढेच. ज्यांनी तो पाहिला ती पिढी आता पन्नाशी-साठीत आहे. प्रस्तुत लेखक त्या पिढीतला आहे, आणि म्हणून या निबंधात साक्षीदार आणि अभ्यासक अशा दोन्ही भूमिका त्याला घ्याव्या लागत आहेत. त्या दोहोंत ओढाताण होते, हे आरंभीच मान्य करावयास हवे.

प्रारंभ एका शब्दापासून करणे सोयीचे होईल. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीतून वर येणारा, लाल मखमलीचा तुकडा असावा तसा दिसणारा अष्टपाद जीव मराठीत 'मृगाचा किडा' म्हणून ओळखला जातो. तेलुगूत त्यालाच 'आरुद्र पुरुगु' म्हणतात. मराठीने त्याला मृग नक्षत्राशी जोडले, तेलुगूने आर्द्रेशी. म्हणजे दोन्ही भाषांनी नाव देताना त्याचा रंग किंवा आकार पाहिला नाही, त्याची वेळ पाहिली. हिंदीने मात्र त्याला 'बीरबहूटी' म्हणून नववधूचे रूप दिले, आणि संस्कृताने 'इंद्रगोप' म्हणून थेट पर्जन्यदेवतेच्या आश्रयाला नेले. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडातील वर्षावर्णनात हिरव्या गवतावर ठिपक्यांसारखे दिसणारे इंद्रगोप आहेत. संगम-साहित्यातील मुल्लै कवितांत, म्हणजे कुरणांच्या आणि वाट पाहण्याच्या कवितांत, तोच जीव 'मूदाय्' या नावाने येतो. एका क्षुद्र कोळीवर्गीय जीवाने इतक्या भाषांतून ऋतूचा दूत म्हणून काम करावे, ही तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला सहज मिळालेली सामग्री आहे.

परंतु या सामग्रीचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. एकोणिसाव्या शतकातील संस्कृत कोशांनी 'इंद्रगोप' या शब्दापुढे 'कोचिनील' असा अर्थ दिला. कोचिनील हा मूळ अमेरिका खंडातील, निवडुंगावर वाढणारा, रंगासाठी पाळला जाणारा कीटक. वाल्मीकीच्या गवतावर तो येणार कोठून? काही भाषांतरांत त्याचा काजवाही झाला. सिगफ्रीड लीनहार्ट यांनी १९७८ मध्ये या शब्दाच्या अर्थावर स्वतंत्र लेख लिहून तो लाल मखमली जीव असल्याचे दाखवून दिले. ज्या देशात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोणतेही शेंबडे पोर ओंजळीत घेऊन दाखवू शकले असते, त्या गोष्टीसाठी विद्वत्तेला पाऊणशेहून अधिक वर्षे लागली. याचे कारण भाषाशास्त्रीय नव्हते. कोशकाराने पावसाळ्यातले रान पाहिलेले नव्हते.

अशीच गत चातकाची. चातक हा कविसंकेत म्हणून आपण वर्गात शिकवतो आणि पुढे जातो. तो केवळ पावसाचे थेंब पितो हा संकेत खराच. प्रत्यक्षात तो अळ्या खातो. पण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सुमारास तो आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून भारतात येतो, हे निरीक्षण आहे. संकेत आणि निरीक्षण यांची अशी सरमिसळ प्राचीन काव्यात ठायी ठायी आहे, आणि त्यांतले कोणते काय हे ठरवण्यासाठी पक्षी डोळ्यांसमोर असावा लागतो. तो नसेल तर संपूर्ण ऋतुवर्णनच संकेत ठरते. या धोक्याचा विचार आपल्या अभ्यासक्षेत्राने केलेला नाही, असे मला वाटते.

आता साक्षीकडे वळतो. माझे बालपण सोलापुरात गेले. वडील कापडगिरणीत नोकरीस होते आणि घर शहराच्या पूर्व भागात, पद्मशाली विणकरांच्या शेजारात होते. त्यामुळे 'मृगाचा किडा' आणि 'आरुद्र पुरुगु' ही दोन्ही नावे मला एकाच अंगणात मिळाली. सुटीतले आजोळ उत्तर सोलापूर तालुक्यात. तेथील माळ हा परक्या माणसाला उजाड वाटावा असा: पवना आणि कुसळी गवत, मधूनच तरवड, बोर, हिवर. त्या माळावर १९७५ ते १९८५ या काळात मी जे पाहिले त्यात खोकड, लांडगे, धाविक, चंडोल, तितर होते, आणि हूम होता. हूम म्हणजे माळढोक. हे नाव त्याच्या नराच्या घुमण्यावरून पडले आहे, आणि मामांच्या तोंडी तेच असे. 'माळढोक' हा शब्द मी वर्तमानपत्रात प्रथम वाचला तो १९७९ मध्ये, अभयारण्य घोषित झाले तेव्हा. त्या वेळी मी चौथीत होतो. सरकारने ज्या पक्ष्यासाठी रान राखले तो आणि आमचा हूम एकच, हे कळायला काही दिवस लागले.

ही साक्ष कितपत ग्राह्य आहे? १९७२ च्या दुष्काळाने गवत आणि गुरे दोन्ही विरळ झालेल्या प्रदेशातली ती आहे, म्हणजे तिच्यातला 'पूर्वीचा माळ' हा मुळातच जखमी माळ होता. आजी सांगे की तिच्या लहानपणी काळविटांचे कळप विहिरीपर्यंत येत. ते मी पाहिले नाहीत. उलट आज नान्नजच्या परिसरात काळवीट मुबलक आहेत आणि शेतकरी पिकांच्या नुकसानीची तक्रार करतात. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, त्याच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी येऊ लागले. माझ्या बालपणी ते त्या भागाच्या बोलण्यातही नव्हते. तेव्हा 'सर्व काही नाहीसे झाले' हा सूर खोटा आहे. गेले ते विशिष्ट आहे: गवताळ माळाला बांधलेले, जमिनीवर अंडी घालणारे, माणसाची वर्दळ न सोसणारे. ज्या धरणाने रोहित आणले त्यानेच माळाच्या कडेकडेने ऊस आणला.

माळ ऊसाखाली का गेला, याचे उत्तर पाण्यात आहे तसेच ते एका शब्दात आहे. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन-मोजणीची जी पद्धत घालून दिली, तिच्यात जमिनीची प्रत तिच्या पिकाऊपणावरून, म्हणजेच सारा देण्याच्या ताकदीवरून ठरू लागली. ज्यात नांगर चालत नाही तो 'खराबा'. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' हा रकाना आजही आहे. त्या रकान्यात हूम नाही, धाविक नाही, मेंढपाळाचे चराऊ रानही नाही. स्वातंत्र्योत्तर काळात हाच खराबा 'पडीक जमीन' झाला आणि तिचा 'विकास' करणे हे धोरण झाले. वनीकरणाच्या नावाखाली गवतावर झाडे लावली गेली, ती तर हितबुद्धीने. अभयारण्य प्रथम घोषित झाले ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे, त्यात गावे, शेते, सारे काही; पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पहिल्या आकड्याने लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग निर्माण केला. दुसरा आकडा येईपर्यंत महाराष्ट्रात माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आज संपूर्ण देशात त्यांची संख्या दीडशेच्या आत मानली जाते आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

स्मृतीवर अविश्वास दाखवणाऱ्यांनी दफ्तराची विश्वासार्हताही तपासली पाहिजे. रानपिंगळ्याचे उदाहरण या दृष्टीने विलक्षण आहे. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णन केलेले हे घुबड. त्याचा शेवटचा खरा नमुना जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८४ मध्ये खानदेशात मिळवला. परंतु संग्रहालयात १९१४ चा एक नमुना होता, गुजरातमधील मांडवीचा, रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्या नावावर. शोध घेणारे त्या चिठ्ठीवर विसंबून भलत्याच जागी फिरत राहिले. पामेला रासमुसेन यांनी ती नोंद बनावट असल्याचे उघड केले. जुनाच नमुना चोरून, नव्याने भरून त्याला खोटा पत्ता चिकटवलेला होता. खऱ्या नोंदींचा माग धरून त्या सहकाऱ्यांसह निघाल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, तो पक्षी दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला आढळला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. त्या जंगलात राहणाऱ्या लोकांना तो कधी नामशेष झालेला नव्हताच. त्यांना कोणी विचारले नव्हते. पुराभिलेखाच्या प्रामाण्यावर व्याख्याने देणाऱ्या कोणाही प्राध्यापकाने ही कथा जवळ बाळगावी.

गिधाडांच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे स्मृती कोणाची हा मुद्दा येतो. गावकुसाबाहेर, मेलेले ढोर सोलण्याच्या जागी गिधाडे उतरत. आम्ही मुले ती दुरून, बांधावरून पाहत असू, आणि आमच्या आठवणीत ती आकाशात घिरट्या घालणारी, काहीशी भव्य अशी राहिली आहेत. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) पुढे दलित आत्मकथनांनी मृत ढोराभोवतीचे श्रम आणि लांच्छन ज्या कोनातून मांडले, त्या कोनातून पाहता ही भव्यता शिल्लक राहत नाही. बांधावरच्या मुलाला जो निसर्ग दिसला, तो बांधापलीकडच्या मुलाला जातीने लादलेले काम म्हणून माहीत होता. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते, हे येथे विसरता येत नाही. निसर्गस्मृतीचा इतिहास लिहिणाऱ्याने या दोन्ही मुलांची साक्ष काढली पाहिजे. एकट्या पहिल्याची घेतली तर हाती येते ते खरोखरच स्मरणरंजन.

गिधाडे गेली कशी, हे मात्र निर्विवादपणे ठाऊक आहे. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक १९९० च्या दशकात सर्वत्र पसरले. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते, शरीरात युरिक आम्ल साचते आणि काही दिवसांत ते मरते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, पशुवैद्यकीय वापरावर बंदी २००६ मध्ये आली. इतक्या मोठ्या संख्येने असलेला पक्षी इतक्या अल्पकाळात नाहीसा होण्याचे दुसरे उदाहरण शोधू गेल्यास अमेरिकेतील प्रवासी कबुतरापर्यंत जावे लागते. आणि तरीही माझ्या पिढीला विचारले असता गिधाडे नक्की कोणत्या वर्षी दिसेनाशी झाली हे सांगता येत नाही. आगमनाचा दिवस लक्षात राहतो. न येण्याला तारीख नसते.

या विस्मरणाला मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये एक संज्ञा दिली. मराठीत तिला 'सरकती आधाररेषा' म्हणता येईल. प्रत्येक पिढी आपल्या बालपणी जे पाहते तेच मूळचे समजते, आणि ऱ्हास तेथून मोजते. आजीचा माळ, माझा माळ आणि माझ्या विद्यार्थ्यांचा माळ अशा तीन आधाररेषा एकाच गावात आहेत. ही संज्ञा पावसालाही लागू पडते, आणि तेथे ती दफ्तरी झाली आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या 'सामान्य' तारखा बदलल्या. मुंबईत आगमनाची तारीख १० जूनऐवजी ११ जून झाली. परतीची २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर. एका दिवसाच्या फरकाकडे दुर्लक्ष होईल, नऊ दिवसांच्या नाही. पूर्वीचे 'सामान्य' विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदींवर आधारलेले होते. नवे १९६१ नंतरच्या. म्हणजे माझ्या आजीचा पाऊस अधिकृतपणे असामान्य ठरला. त्याच वर्षी पृथ्वी-विज्ञान मंत्रालयाच्या हवामानबदलविषयक अहवालाने नमूद केले की १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, आणि मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. पावसाची झड गेली आणि ढगफुटी आली, असे जे खेड्यात कोणीही म्हातारा म्हणतो, त्याला या आकड्यांचा आधार आहे. 'झड' हा शब्द मात्र अहवालात नाही.

नक्षत्रांचे पंचांग हीदेखील एक आधाररेषा होय. सूर्याचा मृगप्रवेश आज जूनच्या सात-आठ तारखेला होतो, पण संपातबिंदू सरकत असल्याने सुमारे बहात्तर वर्षांत तो एका दिवसाने पुढे जातो. 'मृगाचा किडा' हे नाव कोणत्या शतकात पडले हे ठरवू गेल्यास ही गोष्ट हिशेबात धरावी लागेल. शेतकऱ्याने मात्र हे नाव खगोलशास्त्र म्हणून वापरले नाही; पेरणीची खूण म्हणून वापरले. जमिनीत पुरेशी ओल गेली की तो जीव वर येतो, म्हणजे जमीन बियाण्याला तयार आहे.

या विद्यापीठातील अध्यासनात गेल्या वर्षी किष्किंधाकांडातील तो भाग शिकवताना मी वर्गाला विचारले, तेव्हा वीस विद्यार्थ्यांत इंद्रगोप प्रत्यक्ष पाहिलेले दोघे निघाले. एका तेलुगू विद्यार्थिनीला 'आरुद्र' हे एका आधुनिक कवीचे टोपणनाव म्हणून परिचित होते, कीटकाचे म्हणून नव्हे. त्यात तिचा काही दोष नाही. माळढोकाची शिरगणती होते, वाघाची होते. या जीवाची कोणी करत नाही, आणि औषधी तेलासाठी तो गोळा करून विकला जातो तोही वजनावर.

२०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोहोचला, ठरलेल्या तारखेच्या सोळा दिवस आधी. सूर्य तेव्हा नुकताच रोहिणीत आला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने माढा-मोहोळ भागातील गावे पाण्याखाली गेली. हाच तो अवर्षणप्रवण जिल्हा. एका वर्षावरून हवामानाविषयी निष्कर्ष काढू नये हे खरे. आजोळच्या मामेभावाला मी जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन केला, तेव्हा तो म्हणाला की गायरानाच्या कडेला चार-पाच दिसले, पण मृग अजून लागायचा आहे, मग यांना म्हणायचे काय?